ताईच्या बाजूचा साक्षीदार

२२ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

तू माणूस आहेस की कोण? फोन केला तर "ताई, उपवासकाळ सुरू झालाय, फक्त कामाचे फोन घेतो, गप्पांना सुट्टी," म्हणून ठेवून दिलास. मेसेज बघणार नाहीस, फोटो बघणार नाहीस, ईस्टरपर्यंत तुझा मोबाइल म्हणजे नुसतं घड्याळ. लोक उपासाला खाणं सोडतात, तू बोलणं सोडलंस! पत्र चालेल म्हणालास म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी की मी लग्न करते आहे.

वाचलंस? परत वाच. मी, तुझी ताई, पन्नाशीला टेकलेली, जिच्या दुकानात अख्ख्या गल्लीच्या पँटी आखूड होतात आणि कंबरा सैल होतात. नवरामुलगा म्हणजे आमच्या चौकातले चष्मेवाले. गेल्या वर्षी सुईत दोरा जाईना म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, "बाई, इतके दिवस अंदाजानं शिवत होतात काय?" मग चष्मा द्यायला स्वतःच दुकानात आले. मग तो नाकावर नीट बसतो का बघायला आले. मग दर आठवड्याला काही ना काही सैल व्हायला लागलं. चष्म्याचं म्हणते मी.

आता खरी गंमत ऐक. ते तुझ्याच धर्माचे निघाले! तुझ्यासारखे नवे नाहीत, जन्मापासूनचे कॅथलिक. हल्ली चर्चला फारसे जात नाहीत, पण भिंतीवर क्रूस आहे आणि त्याच्यावर धूळ नाही, हे मी पाहून घेतलंय. बाप्तिस्मा घेतलास तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, आता आपल्या घरात मी एकटाच पडणार." घे, आता दोघं झालात. मला वाटतं तू हे वाचून नाचणार.

त्यांचं आधी एक लग्न झालं होतं, चर्चमध्येच. काही वर्षांपूर्वी कोर्टात घटस्फोट झाला, आरडाओरडा न करता. त्या बाई सभ्य आहेत. पुलाजवळच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतात, रस्त्यात दिसल्या तर हसतात. मुलगी कॉलेजात आहे. ती मला अजून चार हात लांबच ठेवते, पण परवा जॅकेटची चेन बदलायला माझ्याकडेच घेऊन आली. मी तेवढ्यावरही खूश आहे.

अकरा एप्रिलला, शनिवारी, नोंदणी कचेरीत लग्न. मुद्दाम ईस्टर उलटल्यावरची तारीख घेतली, तुला केक खाता यावा म्हणून. तीन साक्षीदार लागतात, दोन त्यांच्या बाजूचे ठरलेत. माझ्या बाजूनं सही तू करायची. आईबाबा गेल्यावर मला दुसरं आहे कोण?

तुझी
ताई

१ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो तरी खिशात, वर मोटरच्या खोलीत गेलो तरी खिशात. त्याला आता ग्रीसचा वास येतोय.

आधी एक गंमत सांगतो. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेलो, फादरनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि तसाच कामावर गेलो. मी ज्याच्या लिफ्ट सांभाळतो त्या काचेच्या टॉवरमध्ये दिवसभर लोक मला टिश्यू पेपर देत होते. "अहो, कपाळाला ग्रीस लागलंय." एका बाईनं तर पर्समधून ओला रुमाल काढला आणि स्वतःच पुसायला आली. मी म्हटलं, "बाई, हे ग्रीस नाही, मी मरणार आहे याची आठवण आहे." त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या. त्यांना जायचं होतं बाराव्यावर.

गंमत सांगून मी वेळ काढतोय, हे तुला कळलंच असेल. तू मला ओळखतेस.

ताई, तुला कुणी भेटलं याचा मला आनंद आहे. हे खरं आहे, म्हणून आधी लिहिलं. पण ते माझ्या धर्माचे आहेत म्हणून मी नाचेन असं तुला वाटलं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. चर्चमध्ये लागलेलं लग्न आमच्याकडे दोघांतलं एक जाईपर्यंत टिकतं. कोर्टाचा कागद ते मोडू शकत नाही. चर्चच्या लेखी चष्मेवाले अजूनही त्या दवाखान्यातल्या बाईंचे नवरे आहेत. मग मी साक्षीदार म्हणून सही करतो म्हणजे काय करतो? हे लग्न आहे, असं माझ्या हातानं लिहून देतो. मला तसं वाटत नसताना लिहून दिलं तर ती खोटी साक्ष होईल.

तू म्हणशील, धर्म घेऊन दीड वर्ष नाही झालं आणि आला मोठा शहाणा. पण मला या धर्मात काय सापडलं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या टॉवरच्या तळमजल्यावर ऑनलाइन मागवून परत पाठवायच्या खोक्यांचा ढीग असतो. न आवडलेले बूट, न बसलेले कपडे, कुणाचा तरी पाळणासुद्धा. माणसं माझ्या लिफ्टमधून खोकं घेऊन खाली येतात, आरशात स्वतःचा फोटो काढतात, खोकं ठेवतात, हलकी होऊन वर जातात. शेजारी उभ्या माणसाकडे कुणी बघत नाही. तिथे रोज काम करून मला वाटायला लागलं होतं की जगात परत करता येत नाही असं काही उरलेलंच नाही. मग ननांच्या वृद्धाश्रमातली लिफ्ट दुरुस्त करायला गेलो, आणि तिथे मला अशा बायका दिसल्या ज्यांनी एकदा 'हो' म्हटलं होतं आणि चाळीस-पन्नास वर्षं ते 'हो'च होतं. मला तेच हवं होतं.

ते असं तुझ्यावरच येऊन आदळेल, असं वाटलं नव्हतं.

एक वाट आहे. चर्चचं एक न्यायमंडळ असतं. पहिलं लग्न मुळातच खऱ्या अर्थानं झालं नव्हतं, कुणी दडपणाखाली होतं, कुणी काही लपवलं होतं, असं चौकशीत दिसलं तर माणूस मोकळा होतो. चष्मेवाल्यांना विचारून बघ ना. मग तुमचं लग्न चर्चमध्ये लागेल आणि मी पहिल्या बाकावर असेन.

तुझा
ढब्बू

६ मार्च

प्रिय ढब्बू,

म्हणजे मी कुणाचं तरी परत केलेलं खोकं उचलून आणलं, असं ना? छान.

रागानं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. सकाळपासून तीन पँटी उलट्या शिवल्या आणि उसवल्या, त्यात राग बराच खर्च झाला.

तुझं न्यायमंडळाचं त्यांना विचारलं. आधी हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. (चष्मेवाले असूनही त्यांना दुसरं काही सुचत नाही.) मग म्हणाले, "त्या लग्नात मी होतो. ते खरं होतं. आम्ही दोघांनी मिळून त्याची वाट लावली, पण खरं होतं. खोटं होतं असं मी कुठल्याच फादरपुढे सांगणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही." बघ, खोटी साक्ष न देणारा तूच एकटा नाहीस.

तू खोटं बोलावंस अशी माझी इच्छा नाही. तुझं म्हणणं मला पटलं नाही, पण तू ते मनापासून म्हणतोस एवढं कळतं. मग माझंही ऐक. तुझ्या बाप्तिस्म्याला मी आले होते. मला काही पटलं म्हणून नव्हते आले. तिथे काय चाललंय हेही मला कळत नव्हतं. लोक उभे राहिले की उभी राहत होते, बसले की बसत होते, मधे एकदा चुकून एकटीच उभी राहिले आणि एक म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तुझ्या डोक्यावर पाणी ओतताना मला आई आठवली. वाटलं, तिच्या पश्चात मी पोर सांभाळलं आणि ते भलतीकडेच निघून गेलं. तरी आले, कारण तिथे तू उभा होतास.

येणार की नाही एवढं लिही. सहीचं नंतर बघू.

ताई

१२ मार्च

प्रिय ताई,

रागावू नकोस. थोडा धीर धर. मी एक मार्ग काढतो आहे. जमलं तर तू चर्चमध्ये, फुलांच्या मधून चालत येशील आणि मी खुशाल सही करीन.

आमच्या फादरना विचारलं. ते फार थोडं बोलतात. म्हणाले, "ज्याचं लग्न त्यानं यावं आणि विचारावं." मला त्याचा अर्थ असा लागला की दार उघडं आहे, कुणीतरी आत पाऊल टाकायला हवं. चष्मेवाले संकोचत असतील. इतकी वर्षं चर्चपासून लांब राहिलेल्या माणसाला ते जड जातं. मग मी नवा असलो म्हणून काय झालं, सुरुवात तर करू शकतो.

आता अजून काही सांगत नाही. येणार की नाही तेही त्यावरच ठरेल. देवावर भरवसा ठेव. तुला नसेल ठेवायचा तर माझ्यावर ठेव.

तुझा
ढब्बू

२० मार्च

ढब्बू,

तुझ्यावर भरवसा ठेवला. त्याचं काय झालं ते ऐक.

मंगळवारी दुकानात गर्दी होती. आत एक गृहस्थ टाचण्या लावलेल्या पँटीत उभे, मी खाली बसून त्यांचा पाय मापते आहे, आणि दारात त्या दवाखान्यातल्या बाई. हातात तू त्यांना लिहिलेलं पत्र. त्यांच्या घरचा पत्ता तुला माहीत नव्हता, म्हणून ते दवाखान्यावर पाठवलंस. तिथे टपाल सगळ्यांचं एकत्र फोडतात. काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीनं ते बिलांबरोबर फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. पेशंट बसलेले होते. "तुमचा विवाह मुळात खरा होता का, याविषयी" इथपर्यंत तिनं वाचलं, मग तिच्या लक्षात आलं.

बाईंनी मला विचारलं, "तुमचा भाऊ कोण आहे? न्यायाधीश?"

मी म्हटलं, "लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग माझ्या संसारात काय अडकलंय असं वाटलं त्याला?"

मी हातातली टेप खाली ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तशाच उभ्या राहिल्या, हळू आवाजात बोलत राहिल्या. म्हणाल्या, "लिहिलंय, 'लग्नाच्या वेळी तुमच्यावर काही दडपण होतं का, आठवून पाहावं.' अहो, मी हसत गेले होते. मला कुणी ढकललं नव्हतं. घटस्फोटाचा कागद आला त्या रविवारीही मी मिस्साला गेले, आणि अजून त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर बसते. मला विचारणारे आले नाहीत असं नाही. मी दुसरं लग्न का केलं नाही, ते दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी तुमच्या भावाला कळायला हवं होतं. ज्या गोष्टीसाठी तो एवढा लिहितोय, तीच मी धरून बसलेय ना? आणि त्यानं मलाच सांगावं की ती नव्हतीच म्हणा?"

मग म्हणाल्या, "तुम्ही करा लग्न. मला ते पटत नाही, पण मी आडवी येणार नाही. फक्त माझं झालंच नव्हतं, असं माझ्या तोंडून वदवू नका. घरी मुलगी आहे माझी."

टाचण्यांतले गृहस्थ तसेच पुतळ्यासारखे उभे. शेवटी त्यांनीच बाईंना खुर्ची दिली.

मुलीला कळलंच. ती काल आली आणि चेन न बदललेलं जॅकेट घेऊन गेली. "असू दे, उघडंच वापरते," म्हणाली. 'आई रडली' एवढंच पुढे बोलली. चष्मेवाल्यांनाही कळलं. दुकान लवकर बंद करतात आणि माझ्याकडे येऊन डब्यातली बटणं रंगावारी लावत बसतात. मी म्हटलं, ओरडा तरी. तर म्हणाले, "तुझा भाऊ आहे. त्याला मी काय बोलू?"

तुला मी उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, तुझ्या कुठल्याच गोष्टीत नाक खुपसलं नाही. धर्म बदललास तेव्हा लोक काय म्हणतील हे तुझ्या कानावरही येऊ दिलं नाही. आणि तू माझ्या पाठीमागे जाऊन एका परक्या बाईला असं विचारतोस? कोण लागून गेलास तू?

मी तुला काय विचारलं होतं? येणार की नाही. त्याचं उत्तर अजून नाही आलेलं.

ताई

२६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी कामावर गेलो नाही. खड्ड्यात उतरताना डोकं ठिकाणावर लागतं, ते नव्हतं.

पापनिवेदनाला, म्हणजे फादरपुढे आपली पापं कबूल करायला, गेलो. गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. चष्मेवाल्यांनी चर्च कसं सोडलं, तुम्ही कचेरीत लग्न करणार, पहिलं लग्न, त्या बाई, मुलगी, माझं पत्र कसं फोडलं गेलं, त्या काउंटरवरच्या मुलीनं कशी चूक केली. बराच वेळ बोलत होतो. फादर ऐकत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "सगळ्यांची पापं सांगून झाली. आता तुझी सांग."

ताई, मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग जे बाहेर आलं ते तुलाही सांगतो, कारण ते तुझंच आहे. तुझ्या पहिल्या पत्रात 'मी लग्न करते आहे' हे वाचलं, त्याच क्षणी मला वाईट वाटलं होतं. त्यांच्या घटस्फोटाचं अजून मी वाचलेलंही नव्हतं. पुढे ते वाचलं आणि जीव भांड्यात पडला. वाटलं, चला, आता माझ्या वाईट वाटण्याला कारण मिळालं. धर्माचं कारण. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. तेव्हापासून तू फक्त माझी होतीस. तुला कुणाचं आणखी व्हायचं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मी इकडे येऊन देवाला 'हो' म्हटलं आणि तू मात्र तिथेच, मशीनवर, माझी वाट बघत बसलेली असावीस.

फादरनी मला सवलत दिली नाही. नियम नियमच आहे म्हणाले. आणि म्हणाले, तो नियम दुसऱ्याच्या अंगावर फेकायला तुला कुणी दिलेला नाही. येण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "बहीण तुझी आहे. तू ठरव."

मी ठरवलं. मी येतो. रजा मिळाली आहे, आदल्या दिवशी रात्रीपर्यंत पोचेन. आधी त्या बाईंकडे जाऊन माफी मागेन. त्या दारात उभं करतील तर दारातून मागेन. चष्मेवाल्यांचीही मागेन.

सही मात्र मी करणार नाही, ताई. माझं मत बदललेलं नाही आणि तुला खूश करायला बदललं असं लिहिलं तर तू ते ओळखशील. पण मी मागे कुठे उभा राहणार नाही. तुझ्या बाजूला, तुझ्या शेजारी उभा राहीन. कुणी विचारलं हा कोण, तर मीच सांगेन.

एवढं चालेल का तुला?

तुझा
ढब्बू

२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

पत्र आज दुपारी आलं. दुकानात उभ्यानं वाचलं. मग शटर अर्धं ओढून, बसून परत वाचलं.

लग्न झालं, ढब्बू. गेल्या शनिवारी.

कुणाचीतरी तारीख रद्द झाली होती. कचेरीतून विचारलं, अलीकडे घेता का, आणि मी लगेच हो म्हणाले. चष्मेवाले म्हणाले, "भावाला कळव तरी." मी म्हटलं, नको, त्याला संकटात कशाला टाकायचं, आला तर त्याचा देव रागावतो, नाही आला तर मी रागावते, त्यापेक्षा होऊनच जाऊ दे. त्यांना वाटलं मी फार मोठ्या मनाची आहे.

त्यांच्या बाजूनं त्यांचे दोन मित्र होते. मुलगी आली नाही. माझ्या बाजूनं शेजारच्या किल्लीवाल्यानं सही केली. बिचारा हात धुऊन, भांग पाडून आला होता. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या घरचं कुणी नाही?" मी म्हटलं, "भाऊ आहे ना. त्याला कामावरून सुटता आलं नाही." धडधडीत खोटं बोलले, तेही सरकारी कचेरीत. मग त्या म्हणाल्या, "उभे राहा," आणि आम्ही उभे राहिलो. माझ्या डाव्या बाजूला नुसत्या खुर्च्या होत्या. संपल्यावर कोपऱ्यावर कॉफी घेतली आणि दोघांनी आपापली दुकानं उघडली.

तू सही करणार नव्हतास, हे वाचून मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. किल्लीवाल्याची सही झालीच की. कागदाला कुणाचीही सही चालते.

त्या बाईंकडे जा. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी जा. आणि रिकाम्या हातानं जा. पत्र तर अजिबात नेऊ नकोस.

तुझ्यावर रागावलेली नाही असं लिहायला बसले होते. पण मी रागावलेली आहे, आणि अजून बरेच दिवस राहीन. आणि त्याहून जास्त स्वतःवर चिडले आहे. संकटबिंकट काही नाही, तुला वाचवायला मी तारीख अलीकडे आणली नव्हती. 'येत नाही' असं तुझ्या अक्षरात वाचायची मला भीती वाटत होती, म्हणून आणली. तू 'येतो' लिहिशील, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. मी तुला लहानाचं मोठं केलं, आणि एकदाही आलं नाही.

रजा काढली आहेस ती मोडू नकोस. अकराला आता काहीच नाही, तरी ये.

ताई